मतपेटी कुणाच्या हाती?

एक छायाचित्र अनेकांनी पाहिलेले असते. दाढीवाला, सडपातळ तरुण हातातला कागद मोठ्याने वाचतो आहे, त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका आहे आणि शेजारी उभ्या राहून इंदिरा गांधी ऐकत आहेत. समाजमाध्यमांवर हे चित्र दर काही महिन्यांनी फिरते, आणि बहुतेक वेळा त्याखालचा मजकूर चुकीचा असतो. आणीबाणीत विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांना झुकवले, असे काहीसे त्यात लिहिलेले असते. प्रत्यक्षात चित्र सप्टेंबर १९७७ चे आहे. आणीबाणी संपली होती, इंदिराबाई निवडणूक हरल्या होत्या, पण जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांनी सोडले नव्हते. ते सोडावे, अशी मागणी करणारे निवेदन विद्यार्थिसंघाचे अध्यक्ष सीताराम येचुरी वाचत होते. थोड्याच दिवसांत इंदिराबाईंनी राजीनामा दिला.

चित्रातल्या दोन व्यक्तींबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. त्या तरुणाला निवडून कुणी दिले आणि त्याची मते कुणी मोजली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या विद्यापीठाच्या विद्यार्थिसंघाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

विद्यापीठाचा कायदा संसदेने १९६६ मध्ये केला आणि १९६९ मध्ये काम सुरू झाले. पहिले कुलगुरू गो. पार्थसारथी हे मुत्सद्दी. संस्था नवी, विद्यार्थी थोडे, आणि बहुतेक पदव्युत्तर किंवा संशोधन करणारे. म्हणजे वयाने जाणते, आणि देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून येऊन वसतिगृहात राहणारे. १९७१ मध्ये विद्यार्थिसंघ उभा राहिला तेव्हा त्याची घटना विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस आणि सहचिटणीस या चार पदांसाठी सगळ्या विद्यापीठाने थेट मत द्यायचे. प्रत्येक विद्याशाखेने आपापले प्रतिनिधी निवडायचे. शाखेच्या सर्वसाधारण सभेत प्रतिनिधींनी कामाचा अहवाल ठेवायचा आणि सभेने तो मंजूर करायचा किंवा फेटाळायचा.

यात सगळ्यांत महत्त्वाची तरतूद दिसायला साधी होती. निवडणूक प्रशासन घेणार नाही, विद्यार्थीच घेतील. जे स्वतः उभे नाहीत अशा विद्यार्थ्यांचा निवडणूक आयोग नेमायचा. अर्जांची छाननी, आचारसंहिता, मतपत्रिका, मतदान केंद्र आणि मोजणी हे सगळे त्याच्या हाती. कुलसचिव किंवा प्राध्यापक मतपेटीजवळ नाहीत. विशी-पंचविशीतल्या मुलांनी आपल्याच मित्रांची मते मोजायची आणि हरलेल्याने तो आकडा मान्य करायचा. हा विश्वास कायद्याने देता येत नाही. तो दरवर्षी नव्याने कमवावा लागतो.

त्या विश्वासाला पोसणारे जगणेही तसेच होते. इथल्या वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत: गंगा, झेलम, पेरियार, कावेरी, ब्रह्मपुत्रा, लोहित. मराठी माणसाला गोदावरी, तापी, कोयना भेटतात. चंद्रभागा भेटली की मन पंढरपूरला जाऊन येते; काश्मीरकडच्या मुलाला त्याच नावाने चिनाब आठवते. निवडणुकीच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपली की खाणावळीतली टेबले बाजूला सरत आणि सभा सुरू होई. वक्त्याने बोलायचे आणि मग समोरच्यांचे प्रश्न झेलायचे, मध्यरात्र उलटेपर्यंत. भित्तिपत्रके हाताने रंगवलेली, पत्रके कागदाच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने भरलेली. मतदानापूर्वी अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा खुला वाद होई. त्यात व्हिएतनाम, पॅलेस्टाईन असत आणि खाणावळीतल्या डाळीचा पातळपणाही असे. बाहेरच्यांना याचे हसू येते. पण रोजची डाळ आणि जगाचे राजकारण एकाच माणसाला विचारता येते, हे तिथल्या मतदाराला ठाऊक होते.

या निवडणुकांतून कोण मोठे झाले याची यादी नेहमी दिली जाते. हरले कोण, हेही पाहण्यासारखे आहे. प्रकाश करात १९७३ मध्ये अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी समाजवादी विचाराच्या आनंद कुमार यांनी त्यांचा पराभव केला. करात पुढे मार्क्सवादी पक्षाचे सरचिटणीस झाले. आनंद कुमार समाजशास्त्रज्ञ होऊन याच विद्यापीठात शिकवू लागले. डाव्यांचा गड म्हणून ज्या संकुलाची ओळख, तिथे संघाच्या चौथ्या वर्षीच डाव्या संघटनेचा मातब्बर उमेदवार पडला आणि कुणी मतपेटी फोडली नाही. माझ्या मते संघाच्या पायाभरणीतला हा सगळ्यांत मोलाचा दगड आहे.

१९७५ मध्ये देवीप्रसाद त्रिपाठी अध्यक्ष होते. दृष्टी अत्यंत अधू, स्मरणशक्ती तल्लख, वाणी ओघवती. हेच त्रिपाठी पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले आणि २०१२ ते २०१८ या काळात महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. आणीबाणी लागल्यावर एका विद्यार्थिनी प्रतिनिधीची विद्यापीठातून हकालपट्टी झाली. तिच्या निषेधार्थ सप्टेंबरात संप पुकारला गेला. मनेका गांधी तेव्हा इथे भाषेच्या विद्यार्थिनी होत्या. २५ सप्टेंबरच्या सकाळी, वर्गात जाऊ नका असे त्यांनाही सांगण्यात आले. त्यानंतर थोड्याच वेळात साध्या वेशातले पोलीस काळ्या अँबॅसडरमधून आले आणि एका विद्यार्थ्याला उचलून घेऊन गेले. त्यांना हवे होते त्रिपाठी. हाती लागले प्रबीर पुरकायस्थ. चूक लक्षात आली, तरी सुटका झाली नाही. मिसाखाली पुरकायस्थ वर्षभर तुरुंगात राहिले. हे प्रकरण पुढे शाह आयोगासमोर आले. त्रिपाठींनाही नंतर तुरुंगवास घडलाच.

म्हणून १९७७ च्या त्या छायाचित्राला वजन आहे. येचुरींच्या हातातल्या कागदामागे तुरुंगातून परतलेली एक पिढी उभी होती. स्वतः येचुरींनाही आणीबाणीत अटक झाली होती आणि त्यांची पीएचडी त्यात राहून गेली. १९७७-७८ या काळात ते तीन वेळा अध्यक्ष म्हणून निवडून आले.

एवढ्यावर थांबलो तर ही गौरवगाथा होईल. १९८३ चे वर्ष तसे होऊ देत नाही. एका विद्यार्थ्याला वसतिगृहातून हलवण्यावरून वाद पेटला आणि विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना त्यांच्या घरी घेराव घातला. पोलीस आत आले. शेकडो विद्यार्थ्यांची रवानगी तिहारमध्ये झाली. त्यांत अर्थशास्त्राचा एक विद्यार्थीही होता: अभिजित बॅनर्जी. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या अर्थतज्ज्ञाने त्या दहाएक दिवसांबद्दल स्वतः लिहिले आहे. विद्यापीठ बेमुदत बंद झाले. पोलिसांची दंडेली खरी, पण ज्या संघाने वादविवादाची शिस्त घडवली त्याच्याच हातून संवादाचा धागा सुटला, हेही खरे.

त्याची किंमत मोजली ती अजून न आलेल्या विद्यार्थ्यांनी. सत्तरच्या दशकापासून इथल्या प्रवेशात एक वेगळी सोय होती. मागास जिल्ह्यातून येणाऱ्या, गरीब घरातल्या उमेदवाराला काही वाढीव गुण मिळत. भेदभावाची भरपाई गुणपत्रिकेत करण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यामुळेच दूरच्या जिल्ह्यांतली मुले इथवर पोहोचत होती. १९८३ नंतर ही पद्धत गुंडाळली गेली. ती परत यावी म्हणून विद्यार्थिसंघ दशकभर झगडला. १९९४ मध्ये ती परत आली आणि पुढे विद्यार्थिनींनाही असे गुण मिळू लागले. संघाने मिळवलेली सगळ्यांत टिकाऊ गोष्ट कोणती, असे कुणी विचारले तर मी या गुणांकडे बोट दाखवीन. त्यांचा लाभ होणाऱ्यांपैकी एकालाही तेव्हा या संघाच्या निवडणुकीत मत नव्हते.

त्याच काळातला एक अध्यक्ष म्हणजे चंद्रशेखर प्रसाद. बिहारच्या सिवानचा, वायुदलातल्या सार्जंटचा मुलगा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्याची निवड झाली होती. ती वाट सोडून तो शिकायला पाटण्याला आणि तिथून दिल्लीला आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दोनदा अध्यक्ष झाला. मग गावाकडे परतून राजकीय काम करू लागला. ३१ मार्च १९९७ रोजी सिवानमध्ये चौकसभेच्या वेळी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. संकुलातल्या निवडणुकीत विरोधकाशी रात्रभर वाद घालून सकाळी त्याच्याबरोबर चहा घेता येत होता. बाहेरच्या लोकशाहीत ती सोय नव्हती.

देशातल्या अनेक विद्यापीठांत तर ती आतही नव्हती. पैसा, मारामाऱ्या, पक्षांच्या गाड्या आणि फलक यांनी छात्रनिवडणुका गढूळ झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशी न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. खर्चाची मर्यादा प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपये. छापील भित्तिपत्रकांना बंदी, हाताने बनवलेली चालतील. पदवीच्या विद्यार्थ्याला २२ आणि संशोधकाला २८ वर्षांची वयोमर्यादा. ७५ टक्के उपस्थिती. शिस्तभंगाची कारवाई झालेल्याला उमेदवारी नाही. आणि पदाधिकारी होण्यासाठी आयुष्यात एकदाच संधी.

यातल्या काही अटी जेएनयू कितीतरी वर्षे आपणहून पाळत आले होते. लहान, एका जागी वसलेल्या संकुलात थेट निवडणूक कशी घ्यावी, याचे उदाहरण म्हणून समितीने या विद्यापीठाचा उल्लेखही केला आहे. पण उरलेल्या अटी आपल्या इतिहासाला लावून पाहाव्यात. येचुरींना दुसऱ्यांदा उभे राहता आले नसते. चंद्रशेखरलाही नाही. आणीबाणीत ज्या विद्यार्थिनीची हकालपट्टी झाली, तिच्यासारखी कुणी तर अर्जच भरू शकली नसती, कारण कारवाई करणारे प्रशासनच उमेदवारीची चाळणी ठरले असते. नियम लावले गेले गुंडांना आवरायला. अडकले ते प्रशासनाशी भांडणारे. शिफारशींशी घटना जुळत नाही म्हणून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या निवडणुकीला स्थगिती दिली. काही अटी सैल करून घेतल्यावर १ मार्च २०१२ रोजी पुन्हा मतदान झाले.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली होती. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थिनेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीऐवजी गुणवत्तेनुसार नेमणूक आणली. वर्गात आदल्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी झाला. हिंसा थांबली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरातला मुलगा गेला त्या घराला लोकशाहीचे धडे कुणी देऊ नयेत. पण परीक्षेतला पहिला क्रमांक आणि इतरांच्या वतीने बोलण्याचा अधिकार यांचा संबंध काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली. २०१९ मध्ये ती घेण्याची तयारी झाली आणि विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढे ढकलली गेली. मग कोविड आला. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी लहानांची निवडणूक थांबवली, हे कुणाला फारसे खटकलेही नाही.

शेकडो महाविद्यालयांच्या मुंबई किंवा पुणे विद्यापीठाला एका वसतिगृही संकुलाचा नमुना जशाच्या तसा लावता येणार नाही. आणि जेएनयूही निष्कलंक नाही. जानेवारी २०२० मध्ये तोंडे बांधलेल्यांनी वसतिगृहांत शिरून लाठ्याकाठ्या चालवल्या, तेव्हा संघाच्या अध्यक्षेचेही डोके फुटले. त्यानंतर चार वर्षे निवडणूकच झाली नाही. मार्च २०२४ मध्ये ती झाली आणि सुमारे तीन दशकांनी दलित समाजातला विद्यार्थी अध्यक्ष झाला. त्याची मते विद्यार्थ्यांच्या आयोगानेच मोजली.

विद्यार्थी-नेतृत्वावर बोलताना आपण पुढारी किती निपजले हे मोजतो. त्या मतमोजणीला रात्रभर बसलेल्या मुलांची नावे कुठल्याही यादीत येत नाहीत. त्यातले बहुतेक पुढे शिक्षक, कारकून, अधिकारी, अनुवादक झाले. आपल्या मित्राच्या विरोधातले मत त्याच्या विरोधातच मोजायचे, हे मात्र ते वयाच्या बाविसाव्या वर्षी शिकले होते. हे शिक्षण आपल्या मुलांना द्यायचे की नाही, हे महाराष्ट्राने गेली तीस वर्षे ठरवलेले नाही.