मुंबईच्या घरांचे तीन पारखी

मुंबईच्या गृहबांधणीचा इतिहास बहुधा वास्तुशैलीच्या किंवा जागेच्या टंचाईच्या अंगाने सांगितला जातो. परंतु इमारत कोणाच्या पसंतीस उतरावी म्हणून बांधली गेली, भाडेकरूच्या, खरेदीदाराच्या की कर्ज देणाऱ्याच्या, हा प्रश्न धरून पाहिले की त्या इतिहासाची निराळी संगती लागते. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात खाजगी मालकांनी उभारलेल्या चाळींना, म्हणजे सामाईक गॅलरीवर उघडणाऱ्या एकेका खोलीच्या रांगांना, भाडेकरूची मर्जी सांभाळण्याचे कारण नव्हते, कारण कामगाराला गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहणे भाग होते.

१८९६ च्या प्लेगनंतर हे चित्र पालटू लागले. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा परिसरात भूखंड आखून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले आणि इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडावी यासारख्या अटी घातल्या. या अटी बांधणाऱ्याला जाचक वाटण्याजोग्या असल्या तरी शेजारच्या भूखंडावर काय उभे राहील याची शाश्वती त्यांनीच दिली, आणि हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स या वस्त्यांकडे मध्यमवर्गीय भाडेकरू वळला तो उजेड, वारा व स्वतंत्र शौचकूप यांच्या जोडीने या शाश्वतीमुळेही. याच्या उलट उदाहरण सरकारनेच घालून दिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या. इमारती भक्कम होत्या, तरीही वरळीतील पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण भाडे, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर आणि आसपासच्या सोयी यांचा हिशेब कामगार स्वतः मांडत होता आणि तो हिशेब योजनाकारांनी मांडलाच नव्हता.

भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या कायद्याने पुढे मालकाचाच रस संपवला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धोत्तर काळातील आणि फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात हे संरक्षण न्याय्य व निकडीचे होते यात शंका नाही. परंतु ती पातळी दशकानुदशके तशीच राहिल्याने दुरुस्तीचा खर्चही भाड्यातून निघेना आणि भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा व्यवसायच बुडीत ठरला. या कोंडीतून पागडी फोफावली. पागडी म्हणजे भाडेहक्क मिळवण्यासाठी किंवा तो दुसऱ्याला देताना हाती द्यावयाची मोठी रोख रक्कम, आणि हक्क पुढे विकताना तिचा साधारणपणे एक तृतीयांश वाटा मालकाला देण्याचा रिवाज पडला. पागडीला कायद्याची मान्यता १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने मिळाली.

बांधकामाचा पैसा आता खरेदीदाराकडूनच उभारावा लागणार होता, आणि त्यासाठीचा नमुना शहरात आधीपासून होता: गावदेवी येथे १९१५ साली सारस्वतांनी स्थापलेली सहकारी गृहसंस्था, जिच्यात मालकी संस्थेची आणि वापराचा हक्क सभासदाचा असे. मालकीच्या सदनिकांचा व्यापार वाढला तशी फसवणूकही वाढली. एकच सदनिका अनेकांना विकली जाई, ताबा लांबे, जमिनीचा मालकी हक्क विकासकाकडेच राही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांच्या अधिनियमाने, व्यवहारात ‘मोफा’ने, जमिनीच्या हक्काची माहिती उघड करणे, नोंदणीकृत करार करणे आणि अखेरीस जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणे, म्हणजे अभिहस्तांतरण, विकासकावर बंधनकारक केले. शहराच्या घरबांधणीला या एका कायद्याने दिलेले वळण कोणत्याही वास्तुशैलीपेक्षा मोठे आहे. तथापि शेवटचे बंधन इतके सर्रास मोडले गेले की २००८ साली दुरुस्ती करून, विकासक सहकार्य करीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवण्याची वाट संस्थांना मोकळी करावी लागली.

तिसरा पारखी उशिरा आला. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी ही गृहकर्ज संस्था स्थापन करण्यापूर्वी पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळण्याचे मार्ग थोडे होते. कर्ज देणारी संस्था संगमरवरी फरशी पाहत नाही. ती हक्काच्या कागदांची अखंड साखळी, नोंदणीकृत करार आणि गृहसंस्थेचे ना-हरकत पत्र पाहते, आणि हक्कलेख ठेवून घेऊन गहाण करण्याची १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील तरतूद वापरते. त्यामुळे खरेदीदाराच्या रक्षणासाठी झालेले कागदच धनकोलाही विश्वास देऊ लागले. २०१७ पासून महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, देखरेखीखाली विकासकाला ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, हा त्याच धाग्याचा पुढचा पदर आहे. दक्षिण व मध्य मुंबईतील पागडीच्या जुन्या इमारती मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहिल्या आहेत. त्यांतील खोली मोक्याच्या जागेमुळे भाडेकरूला हवी असते, रोख मोजून घेणाराही मिळतो, पण मालकी हक्क हस्तांतरित होत नसल्याने बँका सहसा तिला तारण म्हणून स्वीकारत नाहीत.