कॅसल रॉक

‘द डेड झोन’ (१९७९), ‘कुजो’ (१९८१) आदी कादंबऱ्यांत स्टीफन किंग यांनी वारंवार योजलेले, अमेरिकेच्या मेन राज्यातील ‘कॅसल रॉक’ हे कल्पित गाव नावाने उसने आहे. विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांपैकी जॅकची हिंस्र टोळी ज्या गढीवजा खडकावर ठाण मांडते, त्याचे हे नाव, म्हणजे शब्दशः ‘किल्ल्याचा खडक’, किंग यांनी उचलले. ही उचल समर्पक म्हणावी लागेल, कारण याच गावात घडणाऱ्या किंग यांच्या ‘नीडफुल थिंग्ज’मध्ये (१९९१) परका दुकानदार केवळ ठिणगी टाकतो आणि गोल्डिंग यांच्या मुलांप्रमाणेच एकमेकांच्या जिवावर उठतात ते शेजारीच.