पाण्याचं कुठं लिवलंय?



२६ नोव्हेंबर आला की आपण प्रास्ताविकेच्या फ्रेमला हार घालतो. उभं राहून ती मोठ्यानं वाचतो. घालावा हार, वाचावी प्रास्ताविका. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती, त्यांनी देशाचा कायदा वाजतगाजत मिरवावा, याच्यात काही वावगं नाही. पण हार घातल्यावर पुढं काय, याबद्दल मला बोलायचंय. त्यासाठी माझ्या एका शरमेची गोष्ट आधी सांगावी लागते.

ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात होतो. २६ जानेवारीला वस्तीत आम्ही पोरांनी मिरवणूक काढली. बाबासाहेबांचा फोटो, त्यापुढं पाटावर घटनेचं पुस्तक. भाषणं झाली. मीही एक ठोकलं. संपल्यावर पुढं बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "अरं पोरांनो, एवढं सोन्यावानी पुस्तक हाय म्हंता, तर त्यात पाण्याचं कुठं लिवलंय तेवढं दावा की."

कुणालाच दावता आलं नाही. मी पानं चाळल्यासारखं केलं. "आजी, सगळंच लिहिलंय यात," म्हणून वेळ मारून नेली. म्हातारी काही बोलली नाही. बसली खाली.

त्याच उन्हाळ्यात वस्तीतला आड आटला. ग्रामपंचायतीची विहीर गावात. आमच्या बाया घागरी घेऊन गेल्या, तर त्यांना अडवलं. आम्ही धावत गेलो. तिथं आम्हाला दोन गोष्टी ऐकवल्या. एक, ही रीत पूर्वीपासूनची आहे. दुसरी, कशाला वाढवता, आपसात मिटवून टाकू. आम्ही शिकलेली पोरं मान खाली घालून उभे. मिटलं ते असं: गावातला एक गडी पाणी शेंदून वरून ओतणार, आमच्या बायांनी खाली घागर धरायची. चाळीस दिवस धरली.

या दोन्ही बोलण्यांना उत्तर होतं. पाटावरच्या पुस्तकात आणि त्याच्या पोटी झालेल्या कायद्यांत होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. ते उत्तर कसं घडत गेलं, त्याचा हा इतिहास.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, तो दप्तरात राहिला. तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, आपला माणूस कोरडाच.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेब हजारोंचा जथा घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मागोमाग सगळे प्याले. मग काय झालं? हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल गावात उठवली गेली. परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. तारीख बघा. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं पुरी झाली होती. ज्यानं मेहेरबानीनं दिलं, तो मर्जी फिरली की काढून घेतो. हक्क आणि मेहेरबानी यातला फरक समजायला ही एक तारीख पुरे.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली, पण तळ्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला आणि कोर्टात लढायचं ठरवलं. दावा चालला. वादींचं म्हणणं होतं, तळं खाजगी मालकीचं आहे. आणि अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही, ही अनादी काळापासूनची रूढी आहे.

मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो, हे आपल्या सभांतून कुणी सांगत नाही. माणसाला पाणी नाकारणं अन्याय आहे, यावर तो निकाल उभा नव्हता. वादी म्हणतात तशी अनादी रूढी त्यांना शाबीत करता आली नाही, यावर तो उभा होता. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली. आणि दहा वर्षांनंतरही आपला हक्क टांगला होता तो समोरच्याच्या रूढीचं वय किती, या प्रश्नावर. रूढी शाबीत झाली असती तर पुढचा सगळा वाद नव्यानं घालावा लागला असता.

आता घटनेकडे या. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. आज ते सतरावं. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून पुरी अमलात आली. महाडच्या निकालावरूनच ही कलमं उतरली, असं मी म्हणत नाही. पण महाड मनात ठेवून ती वाचा.

कलम १५ चं दुसरं पोटकलम काढा. तिथं विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट, रस्ते आहेत. राज्याच्या पैशातून पुरते किंवा थोडे राखलेले, किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेले, ते वापरायला जातीवरून कुणाही नागरिकाला आडकाठी करता येत नाही. बोले ठराव शेजारी ठेवा. सार्वजनिक पैशाचा मुद्दा तोच. पण तो ठराव होता, हा मूलभूत हक्क आहे. कुठली नगरपालिका बैठक घेऊन तो मागं घेऊ शकत नाही. आणि हे कलम फक्त सरकारला बांधत नाही, विहिरीवर आडवा उभा राहणाऱ्या माणसालाही बांधतं.

मग कलम १३ काढा. ते कुणी वाचत नाही, त्याला हार तर नाहीच. मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द, असं ते सांगतं. आणि 'कायदा' या शब्दात कायद्याचं बळ असलेली रूढी आणि परिपाठही धरतं. म्हणजे १९३७ साली रूढीचं वय मोजावं लागलं, १९५० नंतर ते मोजायचं कारणच उरलं नाही. शंभर वर्षांची असो की हजार, पाण्याच्या आड आली की मेली. "ही रीत पूर्वीपासूनची आहे" याला हे उत्तर होतं.

आणि "मिटवून टाकू" याला? सतराव्या कलमाच्या पोटी १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. त्यात कोर्टाच्या परवानगीनं गुन्हा आपसात मिटवायची सोय होती. गावाच्या दबावाखाली मिटवणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १९७६ च्या दुरुस्तीनं ती सोय काढून टाकली, कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिलं. या कायद्यात बारावं कलम आहे: अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असं कृत्य झालं, तर ते अस्पृश्यतेपायीच झालं असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं दाखवायचं. महाडला पुराव्याची दहा वर्षं आपण सोसली. इथं ओझं त्याच्या डोक्यावर. पुढं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात विहीर, तळं, नळ यांची नावं घालून अडवणूक हा गुन्हा केला.

म्हणजे त्या उन्हाळ्यात आमच्या हातात १३ होतं, १५ होतं, १७ होतं, १९७६ ची दुरुस्ती होती. आम्ही पुस्तक मिरवलं होतं, वाचलं नव्हतं. म्हणून बाया चाळीस दिवस वाकून उभ्या राहिल्या.

कलम ठाऊक असलं की विहीर आपोआप खुली होते, असा माझा भाबडा समज नाही. महाडला ठराव असूनही चालत जावं लागलं, मार खावा लागला. आज फौजदार फिर्याद घ्यायला टाळतो, साक्षीदार फुटतात, कामधंदा तोडतात. पण फौजदारासमोर बसून कुठलं कलम लावायचं हे सांगणारा वस्तीतला पोरगा आणि हात जोडून उभा राहणारा पोरगा, यांच्याशी तो एकसारखा बोलत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२०१५ पासून २६ नोव्हेंबर देशभर सरकारी संविधान दिन झालाय. हार घालणारे हात वाढतील. त्यात आपले हात असू द्या, पण त्या संध्याकाळी विहारात सतरंजी टाका. एकानं कलम वाचायचं, दुसऱ्यानं ते वस्तीच्या बोलीत सांगायचं. प्रश्न म्हाताऱ्यांनी विचारायचे: पाण्याचं कुठं, मसणवट्याचं कुठं, मजुरीचं कुठं. उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्याला शोधून आणायचं. थापा मारायच्या नाहीत.

ती म्हातारी आता नाही. तिच्या नातीला मी कलम १५ चं ते पान काढून दाखवलं. तिनं खाली रेघ मारून घेतली.

जयभीम.