मुशीवाचून पितळ
(विद्युत्-विलेपनाच्या इतिहासातील काही पाने)

आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या भांड्यांचा व्यापार चालत आला आहे, त्यांच्याकडे जुन्या मोडीबरोबर कधी ना कधी काही काटे-चमचे, एखादी चहादाणी अगर तबक आलेले असणार. पाठीमागे पाहावे तो ‘ई. पी. एन. एस.’ अशी चार इंग्रजी अक्षरे ठोकलेली. नवख्या माणसाने चांदी समजून ते हाती घ्यावे आणि जाणत्याने कानशीचा एक फटका मारून त्याचा भ्रम दूर करावा, हा प्रसंग अनेकांनी पाहिला असेल. खाली तांबे, जस्त व निकेल यांची मिश्रधातू, जिला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, आणि वर विजेने चढविलेला चांदीचा पापुद्रा, एवढाच त्या चार अक्षरांचा अर्थ. हा पापुद्रा धातूवर बसविण्याची विद्या कशी जन्मास आली, तिने कोणाचे प्राण वाचविले आणि कोणाचे घेतले, आणि अखेर आपल्या पितळेशी तिचा संबंध कसा जडला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

विजेपूर्वी मुलामा नव्हता असे नाही. आपल्या भाषेत ‘मुलामा देणे’ याला ढोंगाचा वास येतो. परंतु कारागिराच्या लेखी ते एक अवघड काम होते. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा मऊ पारदमेल करावयाचा, तो घासून स्वच्छ केलेल्या तांब्याच्या अगर पितळेच्या वस्तूवर माखावयाचा आणि मग ती वस्तू निखाऱ्यांवर धरावयाची. पारा उडून जातो, सोने मागे राहते. पारा सुमारे ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि तो उडून जातो म्हणजे मुख्यतः कारागिराच्या छातीत जातो. हात कापणे, दात हलणे, बुद्धी भ्रमिष्ट होणे हे या धंद्याचे ठरलेले भोग होते. पॅरिसमधील रावरिओ नावाच्या एका ब्राँझकाम करणाऱ्या धनिक व्यावसायिकाला आपल्या कामगारांची ही दशा पाहवली नाही. तो १८१४ साली वारला, तेव्हा या रोगापासून मुलामेकऱ्यांचे रक्षण करण्याचा उपाय शोधून काढणाऱ्यास ३००० फ्रँकचे बक्षीस द्यावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. दार्से या रसायनज्ञाने भट्टीवर धुराडे बांधून वाफा वर ओढून घेण्याची युक्ती काढली, व ज्या निबंधास हे बक्षीस मिळाले तो १८१८ मध्ये प्रसिद्ध झाला. धुराड्यांमुळे वाफ कमी झाली. पारा मात्र राहिलाच.

पारा किती महाग पडतो याचे मोठे उदाहरण रशियात घडले. सेंट पीटर्सबर्ग येथील सेंट आयझॅकच्या भव्य प्रार्थनामंदिराचा घुमट १८३८ ते १८४१ या काळात याच पद्धतीने सुवर्णमंडित करण्यात आला. सुमारे १०० किलोग्रॅम सोने त्या कामी लागले, आणि पाऱ्याच्या वाफांनी साठ कामगार दगावले असे सांगतात. इतिहासाचा योगायोग पाहा : ज्या शहरात हे काम चालू होते त्याच शहरात, १८३८ सालीच, मोरिट्झ हेरमान याकोबी याने विजेच्या साहाय्याने विद्रावातून तांब्याचा घट्ट थर जमवून कोणत्याही नक्षीची हुबेहूब प्रत उतरविण्याची कृती तेथील विज्ञान अकादमीपुढे मांडली. (हाच याकोबी त्या सुमारास नेवा नदीत विजेच्या शक्तीने नाव चालवून दाखवीत होता.) पुढे त्याच मंदिरातील कित्येक मूर्ती या कृतीने घडविण्यात आल्या. एकाच वास्तूच्या घुमटावर जुनी विद्या आणि खाली नवी विद्या, असा तो प्रकार आहे.

याकोबी हा या मार्गावरचा पहिला पांथस्थ मात्र नव्हे. इटलीत व्होल्टाने १८०० मध्ये आपली घटमाला जगापुढे ठेविली आणि पाच वर्षांतच, १८०५ साली, त्याचा मित्र पाव्हियाचा प्राध्यापक ब्रुन्यातेल्ली याने तिच्या योगे चांदीच्या दोन मोठ्या पदकांवर सोने चढविले. त्याचे हे यश ग्रंथातच राहिले, कारण व्होल्टाची घटमाला फार लवकर थकत असे. १८३६ साली डॅनिएलने दीर्घकाळ एकसारखा प्रवाह देणारा विद्युत् घट तयार केला, आणि तत्पूर्वी थोडेच दिवस फॅरडेने किती वीज गेली म्हणजे किती धातू बसते याचे गणित बांधून दिले होते. ते गणित आजही कारखान्यात चालते. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर सुमारे ४.०२ ग्रॅम चांदी बसते, तांबे त्याच्या गंधकाम्ली लवणातून १.१९ ग्रॅम, निकेल १.०९ ग्रॅम. ज्या धंद्यात ‘अंदाज’ हाच गुरु होता, त्यात तोळ्या-गुंजांचा हिशेब प्रथमच विजेच्या मापाने करता येऊ लागला.

तथापि वीज मिळाली म्हणजे मुलामा आला, असे समजणे चुकीचे होईल. खरी अडचण पाण्यात होती. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवून पाहा. वीज नसतानाही त्यावर तांबे चढते, पण बोटाने पुसले तर निघून येते. तांब्याची वस्तू चांदीच्या नायट्रेटात धरली तर तिच्यावर काळपट भुकटी जमते. धातू फार घाईने बाहेर पडते आणि घाईने बसलेली धातू टिकत नाही. तिला विद्रावातच धरून ठेवणारे, आणि हळूहळू, कण कण करून सोडणारे काही तरी हवे होते. या विद्येचा सारा इतिहास पाहता असे दिसते की, तिची एकेक पायरी घटमालेने नव्हे, तर या धरून ठेवणाऱ्या द्रव्यानेच ठरविली आहे.

ते द्रव्य सापडले बर्मिंगहॅममध्ये, आणि तेही एका शल्यवैद्याला. जॉन राइट हे त्याचे नाव. स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाच्या लेखनात सोन्याचांदीची सायनाइडे पोटॅशियम सायनाइडच्या पाण्यात विरघळतात असा उल्लेख त्याच्या वाचनात आला, आणि त्याने तसे पाणी करून त्यातून वीज पाठविली. थर घट्ट, बारीक कणांचा आणि हवा तितका जाड बसला. त्याच गावचे एल्किंग्टन बंधू (खरे म्हणजे जॉर्ज आणि हेन्री हे चुलत भाऊ) या विषयाच्या पाठीस लागलेलेच होते. त्यांनी राइटची कृती आपल्या १८४० च्या एकस्वात अंतर्भूत केली. राइट पुढे चारच वर्षे जगला. ई. पी. एन. एस. या अक्षरांमागे एल्किंग्टनांचे नाव लोकांस ठाऊक आहे. वैद्यबुवांचे फारसे कोणास नाही.

या पुढची हकीकत व्यापाराची आहे, ती थोडक्यात आटोपतो. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्लने १८४२ साली हे हक्क विकत घेतले. प्रशियात वेर्नर सीमेन्स हा तोफखान्याचा तरुण अधिकारी द्वंद्वयुद्धात साक्षी राहिल्याबद्दल माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैद भोगीत होता. कोठडीत रसायने मागवून त्याने स्वतंत्रपणे सोन्याचा मुलामा साधला व १८४२ मध्ये एकस्व मिळविले. त्याचा भाऊ ही कृती घेऊन इंग्लंडास गेला आणि एल्किंग्टनांसच विकून आला. १८४४ साली बर्मिंगहॅमात वुलरिचचे चुंबकीय जनित्र तयार झाले आणि ते एल्किंग्टनांच्या कारखान्यात लागले. वीज निर्माण करणारे यंत्र उद्योगात वापरले गेल्याचे हे अगदी पहिले उदाहरण होय. म्हणजे दिवे लागण्याच्या कितीतरी आधी विजेचे यंत्र चमचे उजळीत होते!

या उजेडाची एक काळी बाजू आपल्यासारख्या कारागीर समाजाने तरी विसरू नये. शेफिल्ड गावात १७४३ च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर या सुऱ्या घडविणाऱ्या कारागिराने तांब्याच्या पाटावर चांदीचा पत्रा तापवून जोडण्याची आणि दोन्ही एकत्र लाटण्याची युक्ती काढली होती. त्यावर जवळजवळ शंभर वर्षे एक सबंध पेठ जगली. सायनाइडचे पाणी आल्यानंतर एकदोन दशकांत तो धंदा संपुष्टात आला. काम वाईट होते म्हणून नव्हे. जाणकार आजही जुन्या शेफिल्ड प्लेटला अधिक मोल देतात. पण त्यात आधी पत्रा जोडून मग वस्तू घडवावी लागे, आणि नव्या कृतीत वस्तू कशीही वेडीवाकडी घडवा, नंतर बुडवा, की झाले. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाचे ठोके विरळ होत गेलेले आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांमागे कल्हईवाल्याची हाक नाहीशी झालेली ज्यांनी ऐकली आहे, त्यांना शेफिल्डच्या त्या घरांची स्थिती निराळी समजावून सांगावयास नको.

आता पितळेकडे वळू. पितळ कशी होते हे आपणांस सांगणे म्हणजे सूर्याला दिवा दाखविणे आहे. तांबे १०८५ अंशांवर वितळते, आणि जस्त ९०७ अंशांवर उकळून जाते. म्हणून मुशीत आधी तांब्याचा रस करून जस्त मागाहून टाकतात, आणि तरीही पांढरा धूर उठून काही जस्त वाया जातेच. या दोन धातूंचा स्वभाव पाण्यातही जुळत नाही. त्यांच्या लवणांच्या साध्या विद्रावातून वीज पाठविली तर तांबे आधी बसते आणि जस्त मागे राहते, कारण दोहोंच्या विद्युत् पातळीत सुमारे १.१ व्होल्टचे अंतर आहे. परंतु विद्राव सायनाइडचा असेल तर ते तांब्याला इतके घट्ट धरते, आणि जस्ताला त्या मानाने इतके सैल, की दोन्ही धातू जवळजवळ एका पातळीवर येतात व हातात हात घालून बसतात. फ्रान्सच्या रुओल्झने १८४२ च्या सुमारास ही गोष्ट साधली. गृहस्थ मूळचा संगीतनाटकांना चाली देणारा! मूस नाही, भट्टी नाही, धूर नाही, आणि पाण्यातून अस्सल पितळ. ज्याने आयुष्यभर भात्यासमोर बसून पितळ केली त्याला हे प्रथम ऐकून खोटेच वाटावे. अर्थात या पितळेचे रागलोभही आहेत : प्रवाह, उष्णता अगर विद्रावातील प्रमाण यांत जरा फरक पडला की रंग कधी तांबूस, कधी फिकट येतो, आणि तो एकसारखा राखणे हीच या कामातील कसोटी.

पाऱ्याच्या जागी सायनाइड आले, म्हणजे विष गेले काय? या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. सायनाइडचे पाणी टाकीत आहे तोवर शांत असते. त्यात अम्लाचा अंश पडला की प्राणघातक वायू निघतो. वस्तू उजळण्याचे अम्ल आणि मुलाम्याचे पाणी एकाच अरुंद खोलीत शेजारी शेजारी ठेवणारे कारखाने मी स्वतः पाहिले आहेत, आणि ते पाहून बाहेर आल्यावर मोकळा श्वास घेतला आहे. परंतु पाऱ्याप्रमाणे ते रोज थोडे थोडे, न चुकता, कारागिराच्या छातीत उतरत नव्हते, हा लाभ खराच होता. तो लाभ क्रोमियमने पुन्हा हिरावून घेतला.

क्रोमियमपूर्वी निकेलचे राज्य होते. बोस्टनच्या आयझॅक अॅडम्सने १८६९ मध्ये निकेल विलेपनाचे एकस्व घेतले, आणि १९१६ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील वॉट्सने निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड व बोरिक अम्ल यांचा जो विद्राव सांगितला तो आजही थोड्याफार फरकाने वापरात आहे. निकेल कालांतराने काळवंडते म्हणून त्यावर क्रोमियमचा अत्यंत पातळ थर देतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंकने १९२० नंतरच्या दशकात हे तंत्र व्यवहारात आणले. क्रोमिक अम्लाच्या सुमारे शंभर भागांस गंधकाम्लाचा एक भाग, हे प्रमाण सांभाळले तरच थर बसतो, हे त्याचे इंगित. मोटारगाड्यांच्या पुढील चकाकी ती हीच. पण या विद्रावात विजेचा जेमतेम दहा ते वीस टक्केच भाग धातू बसविण्यास लागतो. बाकीच्या विजेने हायड्रोजनचे बुडबुडे उसळतात आणि ते फुटताना क्रोमिक अम्लाचे तुषार हवेत उडवितात. टाकीवर वाकून काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला त्याने भोके पडत. पुढे ते कर्करोगकारकही ठरले. रावरिओचे बक्षीस शंभर वर्षांनंतर पुन्हा जाहीर करावे अशी ही स्थिती होती. आणि उपायही पहिल्याने तोच निघाला, टाकीच्या कडेने हवा ओढून घेणारे धुराडे. आता कमी घातक अशा त्रिसंयुजी क्रोमियमचे विद्राव जुन्यांची जागा घेत आहेत.

आपल्याकडे या शास्त्राचे संशोधन तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रासायनिक संस्थेत चालते. १९५३ पासून ती कार्य करीत आहे. सोन्याचे पाणी दिलेल्या दागिन्यांचा बाजार मात्र संशोधनाची वाट पाहत थांबलेला नाही. तेथील हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे : एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा जाड थर दिला तर एक तोळा सोने सुमारे सहा हजार चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग झाकते. गिऱ्हाइकाने थराची जाडी विचारावी, सोन्याचे नाव नव्हे.

पाण्यातून निघालेल्या पितळेला एक असे काम मिळाले की ज्याची कल्पना रुओल्झला नव्हती. मोटारीच्या टायरमध्ये पोलादी तारा असतात. पोलादाला रबर चिकटत नाही, पण पितळेला चिकटते, कारण रबरातील गंधक पितळेतील तांब्याशी संयोग पावते. म्हणून या प्रत्येक तारेवर पितळेचा एक अतिसूक्ष्म लेप असतो आणि रस्त्यावरचे प्रत्येक तसले चाक त्या लेपाच्या भरवशावर धावते. हा लेप पूर्वी सायनाइडच्याच पाण्यातून देत. आता बहुतेक ठिकाणी सायनाइड सोडून दिले आहे : तारेवर आधी एका टाकीत तांबे बसवितात, मग दुसऱ्या टाकीत त्यावर जस्त, आणि नंतर ती तार तापवितात, म्हणजे उष्णतेने जस्त तांब्यात मुरून त्यांची पितळ होते. तांबे आधी, जस्त मागाहून, आणि मग आच. हा क्रम आपल्या वाडवडिलांच्या मुशीचाच आहे.