दीनोची गाडी

१९५६ च्या जूनअखेर इटलीत अल्फ्रेदो फेरारी हा चोवीस वर्षांचा तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने वारला. घरचे त्याला दीनो म्हणत. आजारपणात तो पिता एन्झो आणि बुजुर्ग यंत्रविशारद व्हित्तोरियो यानो यांच्याबरोबर सहा सिलिंडरांच्या एका नव्या एंजिनाची चर्चा करीत असे. त्या एंजिनाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

श्रोतेहो, शर्यतीच्या मोटारींत एंजिन चालकाच्या पाठीशी, मागील आसाच्या पुढे नेण्याचा धडा इंग्रज कूपरांनी घालून दिला होता. १९६१ चे जगज्जेतेपद फेरारींनीही तशाच गाडीवर मिळविले. मात्र हौशी गिऱ्हाइकाच्या हाती ती देण्यास एन्झो धजेनात. भार मध्यभागी असला की गाडी वळणावर चपळ होते खरी. पण तोल गेलाच, तर ती इतक्या झटकन् फिरते की सवयीचा हातही अपुरा पडावा. १९६५ साली पिनिनफारिनांनी पॅरिसच्या प्रदर्शनात नमुना मांडला, तेव्हा कोठे पाऊल पुढे पडले.

१९६८ ची पहिली दीनो दोन लिटरांची, अंग ॲल्युमिनियमचे. एंजिन आडवे बसविल्याने मागे सामानापुरती जागाही उरली. पुढच्याच वर्षी एंजिन २.४ लिटरांचे झाले, अंग पोलादाचे. इतकी सुबक गाडी, पण तिच्यावर फेरारींचे घोड्याचे बोधचिन्ह नव्हते. होते फक्त मुलाचे नाव. स्वस्त मालाला वेगळे नाव देण्याचा हा व्यापारी हिशेब, असे काही म्हणतात. असेलही. परंतु केवळ हिशेबापायी कोणी गेलेल्या मुलाचे नाव वापरील, असे मला वाटत नाही.

१९७४ मध्ये ही गाडी बंद झाली. १९७५ मध्ये आलेल्या ३०८ जीटीबीचे एंजिनही चालकाच्या पाठीशीच होते, आणि तिच्या नाकावर घोडा होता.