दहाचं नाणं आणि बट्टा

श्रीवर्धनला आजीने चहा प्यायला, दहाचं नाणं पुढे केलं. दुकानदार म्हणाला, "हे इकडे चालत नाही."

बाळाजी विश्वनाथांच्या या गावात पेशवेकाळी हे वाक्य रास्तच ठरलं असतं. तेव्हा मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये फिरत. सराफ चांदी पारखून बट्टा कापायचा. 1835 मध्ये कंपनीने आपल्या प्रदेशासाठी एकच रुपया ठरवला, आणि पारख कायद्याकडे गेली.

2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला वैध आहेत. चहा पिऊन झाला होता, म्हणजे देणं उभं राहिलंच होतं. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितलंय. मी मोबाइलवर ते शोधेपर्यंत आजीने मुकाट्याने नोट काढली होती.