टाके आणि सव्वा महिना

मित्रहो, आणि मागच्या रांगेतल्या आयाबायांनो,

सिझेरियनचा इतिहास आपण नेहमी सर्जनच्या बाजूने सांगतो. आज तो बाळंतिणीच्या बाजूने सांगतो. पोट फाडून मूल काढणं माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. मागे आईला जगवणं माहीत नव्हतं. गर्भाशयाला सहसा टाकेच घालत नसत. रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने बाई जायची. 1876 साली इटलीत पोर्रो यांनी गर्भाशयच काढून आई वाचवली. 1882 मध्ये जर्मनीत झेंगर यांनी ते नीट शिवण्याची पद्धत मांडली. म्हणजे बघा, या शस्त्रक्रियेचं यश ‘नंतर काय?’ या प्रश्नात होतं.

मग टाके भरले की बाई बरी झाली का? जखम भरणं ही शरीराची गोष्ट. बरं होणं ही घराचीसुद्धा. आपल्याकडे सव्वा महिना पाळत. त्यातली धुरी, कोंदट खोली, पाणी तोडणं हे चुकीचंच. आता डॉक्टर एका दिवसात उठवून चालवतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, हेही सांगतात. सव्वा महिना आणि सहा आठवडे, हिशेब फार लांबचा नाही!

हा हिशेब कायद्यात यायला वेळ लागला. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब, असं त्यांचं म्हणणं. 1929 साली कायदा झाला, पण कारखान्यातल्या बायकांपुरता. 1961 मध्ये देशाचा कायदा आला. 2017 मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी रजा 26 आठवडे झाली.

आणि इथे नारपोलीत, यंत्रमागांच्या खडखडाटात? घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्या बाईला रजा कोण देणार? 2011 पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन मोफत, सात दिवसांपर्यंत जेवण, घरी सोडायला गाडी, अशी योजना आहे. चांगलंच आहे. पण गाडी परत गेली की पाण्याचा हंडा समोर असतोच.

सहा आठवड्यांतून सात दिवस वजा केले की पस्तीस उरतात. ते पस्तीस दिवस घराचे. हंडा नवऱ्याने उचलावा, सासूने बाळ घ्यावं, शेजारणीने दोन भाकऱ्या जास्त थापाव्यात. आणि ताप आला, जखमेतून पू आला, रक्त फार जायला लागलं, पोटरी सुजली, तर सव्वा महिन्याचा विटाळ मध्ये आणू नका. तडक दवाखाना गाठा.

सर्जनचं काम तासाभरात संपतं. आपलं तिथून सुरू होतं.